अठरा मिलिमीटर

बिहालीचा नाका सुटला की रस्ता वळायला लागतो,
आणि माझी पांढरी सेडान, अकरा वर्षांची,
प्रत्येक वळणावर बाहेरच्या अंगाला कलते,
एका हातात भरली बादली असल्यासारखी.
मागच्या सीटवर कास्देकर सिस्टर,
लसींचा निळा डबा मांडीवर घट्ट धरून.
पुढे भारसाकळे सर, हँडलला लटकलेले,
घटांगपर्यंत एक शब्द बोलत नाहीत.
पेट्रोल आम्ही तिघं वाटून घेतो,
कलणं मात्र ज्याचं त्याचं.

म्हणून मागची सळई बदलायचं ठरवलं.

खरं सांगू? म्हणून नाही.
मला वळण कापायचं होतं.
हरिसालच्या शाखेत दिवसभर
दुसऱ्यांच्या नोटा मोजणारा माणूस मी.
येता-जाता सागाच्या सावलीत तरी
गाडीनं माझं ऐकावं.
आत्ता स्टिअरिंग फिरवलं की नाक आधी सरळच जाऊ पाहतं,
मग नाइलाजानं वळतं,
साहेबांनी हाक मारल्यावर शिपाई उठतो तसं.

रात्री जेवण झाल्यावर वहीत आकडे मांडले.
कंपनीची सोळाची. मिळतात त्या अठरा, वीस, बावीस.
जाडी वाढते चिमूटभर,
ताठरपणा मात्र चौथ्या घातानं.
अठरा म्हणजे दीडपटीहून जास्त,
बावीस म्हणजे साडेतीनपट.
बावीसभोवती पेन्सिलीनं गोल केला.
दोनदा.

जाफर मिस्त्रीनं वही पाहिली, हात पुसले.
"हिसाब बराबर हाये साहेब.
पण याच्यात रस्ता कुठी लिवला?"
मग गाडीखालूनच बोलत राहिला,
फक्त पाय दिसत होते, एका चपलेचा अंगठा तुटलेला.
"ह्या सळईनं दोन्ही चाकं एका जुवाले जुपली.
वळणावर लय चांगलं, एक दबलं त दुसरं सावरते.
पण एक खड्ड्यात गेलं का
दुसऱ्याच्या मानेले बी झटका.
जू जेवढं जाड, तेवढा झटका.
अन् पावसात, शेवाळल्या वळणावर,
पुढचं म्हणते पकडलं, मागचं म्हणते मी चाललो.
मंग काय करता?
लावून देतो बावीस. मले का,
बावीसचे पैसे जास्त."

मी काही बोललो नाही.
त्यानं बाहेर येऊन तळहातावर दोन रबरं ठेवली,
सळईची बुशं,
वाळलेल्या बोरांसारखी चिरमटलेली.
"आधी हे बदला. अर्धं कलणं याच्यातच हाये."

दुसऱ्या दिवशी गाडीत विषय काढला.
सरांनी विचारलं, ॲव्हरेज वाढेल का?
सिस्टर बराच वेळ बाहेर पाहत होत्या.
सेमाडोहच्या पुलाशी म्हणाल्या,
"डबा घसरतो त्याचं काही नाही, मी धरते.
पण दचका बसला की आतल्या कुप्या वाजतात ना,
त्याची मला भीती वाटते."

नवी बुशं, नव्या लिंका, अठराची सळई.
टोकाला दोन भोकं असतात, एक मऊ, एक ताठ.
जाफरनं मला न विचारता
मऊ भोकात बोल्ट कसला.

आता गाडी कलते, पण थोडी, आणि एकदाच,
मग आपली आपण उभी राहते.
कोलकासच्या अलीकडचं ते डावं वळण
मी नेहमीच्याच वेगानं घेतलं, शपथ,
आणि सर बोलले.
बोलतच राहिले हरिसालपर्यंत.
महागाई भत्ता, मुलीची नीट, उजवा गुडघा.
हा परिणाम मी वहीत कुठेच धरला नव्हता.

जुनी सोळाची मिस्त्रीनं
दुकानापुढच्या कडुनिंबाला टांगली आहे.
चहा आला की पोरगं तिच्यावर पाना मारतं.
परवा जाता जाता ऐकलं,
बराच वेळ घुमत राहते.

बावीसभोवतीचा गोल
मी अजून खोडलेला नाही.