शेडच्या मागे, सपाट जागा बघून

"शेडच्या मागे लावा, सपाट जागा बघून,"
लोर्ना व्हँडरमार्क म्हणाली, ओले हात न पुसताच.
"नऊनंतर जनरेटर बंद. कुत्रा भुंकतो, चावत नाही.
भाडं नाही. बाटली घेतलीत तर घेतलीत."

आम्ही दोन घेतल्या.
एक रीसलिंग, आणि एक जिचं नाव मी विसरले,
ऑरिनला आठवतं. हल्ली नावं तो सांभाळतो
आणि रस्ता मी.
त्याच्या नजरेच्या मधोमध
नाण्याएवढा राखाडी डाग बसलाय.
तो माझ्याकडे बघतो तेव्हा
त्याला माझे कान दिसतात, मी नाही.

तीस वर्षं टोलीडोत शाळेची बस चालवली.
ही चोवीस फुटी गाडी त्यापुढे काहीच नाही.
फक्त मागून कुणी किंचाळत नाही,
त्याचीच सवय व्हायला वेळ लागला.

डाव्या चाकाखाली दोन फळ्या सारल्या.
ओट्यावर अंडं ठेवून पाहिलं. घरंगळलं.
अजून एक फळी. थांबलं.
तेच उकडून रात्री अर्धं अर्धं खाल्लं.

"बाहेर काय आहे?"
गाडी थांबली की तो विचारतो, मी सांगते.
खाली सेनेका सरोवर, लांबट, ओल्या पाटीच्या रंगाचं.
वेली अजून नुसत्या काड्या,
पण गाठीगाठीवर मुगाएवढा कोंब,
लोकरीत गुंडाळलेला, कडेला गुलाबी.
"आणि?"
आणि एक उंच खांब, टोकाला विमानाचा पंखा.
"विमान कुठाय?"
विमान नाही. नुसता पंखा.
तो हसला. त्याला वाटलं, मी रचतेय.

कधीकधी रचते मी.
पेनसिल्व्हेनियात एका दुकानामागे मुक्काम होता,
तेव्हा त्याला तीन हरणं दाखवली होती.
तिथे तीन कचरापेट्या होत्या.

पहाटे तीनला ते विमान आलं.
कपाटात पेले एकमेकांना सांगू लागले,
गाडी कण्यापासून थरथरली.
गाऊनवरच कोट चढवून मी खाली उतरले.
लोर्ना, कपाळावर दिवा, हातात तापमापक.
"एकोणतीस," ती ओरडली. "अठ्ठावीसला कोंब जातात.
थंडी खाली साचते. ऊब असते ना, पण वर,
चाळीस फुटांवर जाऊन बसते.
पंखा तिला खाली खेचतो. खालच्या ओळींपर्यंत पोचत नाही.
ट्रॅक्टर येतो चालवता?"
बस येते, म्हटलं.

मग मी ट्रॅक्टर चालवला.
मागे ट्रेलरवर एउसेबिओ, पेंढ्याचे गठ्ठे ढकलत,
स्पॅनिशमध्ये थंडीला, किंवा मला, शिव्या घालत.
दर वीस पावलांवर थांबायचं, पेटवायचं, पुढे.
मुलांना उतरवत जावं तसं.
"याचा फारसा उपयोग नसतो," लोर्ना नंतर म्हणाली,
"पण नुसतं उभं राहवत नाही."

उजाडताना साडेतीस झालं.
किती वाचले ते दुपारी कळेल, कोंब नखाने चिरून.
आत हिरवा तर जिवंत, तपकिरी तर गेला.
दुपारपर्यंत आम्ही थांबणार नव्हतो.

परत आले तर ऑरिन पायरीवर,
गोधडी पांघरून, कान पंख्याकडे.
माझ्या अंगाला जळक्या पेंढ्याचा वास.
त्याने तोंड फिरवलं, मी दिसेन अशा बेताने तिरकं.
आणि मी विचारलं, का कोण जाणे,
"बाहेर काय होतं?"

"तू तिसऱ्या वळणावर गिअर चुकलीस," तो म्हणाला.
"एउसेबिओला खोकला आहे.
कुत्रा दोनदा उठला, दोनदा निजला.
आणि तीन हरणं गेली. शेडच्या कडेने."

गवत पांढरं होतं, हिमकणांनी ताठ.
पाऊल पडलं असतं तर उमटलंच असतं.

मी खाली बघितलं नाही.
फळ्या काढायला उजवीकडून फिरून गेले.