कुजेल अशी टोपी

मंगळवारी मी जाते जेरूशाकडे,
ल्यूटन स्टेशनमागे, टायरवाल्याच्या माडीवर.
जिना अरुंद. गुडघे शिव्या देतात, मी ऐकून घेते.
पगार नाही. चहा, आणि आल्याचा केक
तिच्या आईच्या हातचा, डॉमिनिकाच्या पद्धतीचा,
घशाला झोंबणारा.

एकेचाळीस वर्षं मी कारखान्यात
ठोकळ्यावर टोप्या ओढल्या.
वाफेनं बोटांची टोकं कधीच मेली.
म्हणून तर बोलावते ती मला:
तिला चटका बसतो, तिथे माझा हात निवांत असतो.

ठोकळे माझेच. कारखाना मिटला त्या शुक्रवारी
ते जाळायला काढले होते अंगणात.
सात उचलले, नातवाच्या बाबागाडीतून घरी आणले.
वीस वर्षं पलंगाखाली झोपली
ती सात टकली डोकी.
नवरा म्हणायचा, रात्री कुजबुजतात.

जेरूशा गव्हाचं काड आणते शेतावरून,
जुन्या जातीचं, उंच, पोकळ.
भिजवते, चिरते, सात पदरी विणते.
आमच्या वेळी ते गंधकाच्या धुरात पांढरं करत,
खोकला घरापर्यंत सोबतीला यायचा.
ती पांढरं करतच नाही.
डाग आहे तिथे पाऊस पडला होता, म्हणते,
राहू दे.

आणि बायकांचे समारंभी कोट शिवते
मेलेल्या पुरुषांच्या सुटांमधून.
विधवा आणून देतात, इस्त्री करून, खिसे न तपासता.
परवा एकात निघालं बसचं तिकीट
आणि अर्धी पेपरमिंट.
तिनं अस्तराच्या आत चोरखिसा केला,
दोन्ही परत ठेवली.
बाईला सांगितलं नाही.

लेबलवर काय लिहायचं, यावरून आमचं वाजलं.
ती म्हणाली, शाश्वत.
मी म्हटलं, पोरी, शाश्वत होत्या आमच्या,
प्लॅस्टिकच्या काडाच्या,
अजूनही कुठल्याशा खड्ड्यात चमकत असतील, जशाच्या तशा.
तुझी तर गोगलगाय खाईल.
लोकांना टोपी घालू नकोस.
ती इतकी हसली की टाचणी गिळता गिळता राहिली.
लेबल कोरंच आहे.

मे महिन्यात पहिली मोठी ऑर्डर:
डोर्कस प्रॉस्पियर, जन्मभर रात्रपाळीची नर्स,
राजवाड्याच्या बागेत चहाला बोलावणं.
राखाडी कोट, काडाची रुंद टोपी.
आणि तिथे पाऊस. इंग्रजी, बारीक, निर्लज्ज.
काठ डाव्या डोळ्यावर लोळला.
गावच्या पेपरात फोटो आला तसाच.

दोन दिवस जेरूशानं दार उघडलं नाही.
तिसऱ्या दिवशी मी माझी जुनी बाटली नेली, कारखान्यातली:
एक हात मार, शंभर वर्षं ताठ राहील.
तिनं झाकण काढलं, हुंगलं,
झाकण लावलं.
मला राग आला. खरं सांगते, फार आला.

तेवढ्यात डोर्कस जिना चढून आली,
टोपी पावाच्या पिशवीत.
म्हणाली, रविवारी चर्च आहे, हिला वाफ दे.
पण डावीकडची घडी मोडू नकोस.
तिच्याआड मी दहा मिनिटं डुलकी काढली,
भाषण चालू असताना,
कुणाच्या बापाला कळलं नाही.

चार नंबरच्या ठोकळ्यावर मी ती ओढली,
घडी सोडून.
काड वाफेत ओल्या खळ्यासारखं वासलं.
जेरूशा दोरा तोडत होती दातांनी,
काहीच बोलली नाही.

मागच्या गॅलरीत, मोठ्या कुंडीत,
तिनं स्वतःची पहिली फसलेली टोपी पुरली आहे.
निघताना मी माती उकरून बघते.
बोटांना काही लागत नाही, डोळ्यांना दिसतं:
काठ गेला.
माथा अजून आहे.