टाकी : ५०० × २०० × १२०

कीथलीत उतारावर आमची व्हॅन उभी आहे.
आधी एका बेकरीची होती. दार सरकवलं
की अजून पावाचा वास येतो
आणि भूक नसताना भूक लागते.

तिच्या पोटाखाली मी उताणी,
योगासनांसाठी आणलेल्या चटईवर (आत्ता कुठे कामी आली),
कपाळाला बॅटरी, दातांत पेन्सिल,
मोजपट्टीचं पलीकडचं टोक दर वेळी सुटतंय.
डाव्या अंगाला, चासीचा दांडा आणि दाराचा उंबरा
यांच्यामध्ये एक पोकळी.
कंपनीच्या नकाशात तिला नावसुद्धा नाही.
इथे बसेल.

लांबी पाचशे, रुंदी दोनशे, उंची एकशेवीस.
भरले तर बारा लिटर, पण भरायचे नाहीत.
वरचा एक सेंटिमीटर रिकामा, डिझेलला फुगायला.
अठ्ठावीस वर्षं मी लॅबमध्ये रक्ताच्या नळ्या हाताळल्या,
काठोकाठ काही भरू नये
हे मला कोणी सांगायला नको.
खालचा एक सेंटिमीटर गाळाचा.
आडात नाही तर पोहऱ्यात कुठून, म्हणतात;
आडात असलं तरी पोहरा किती खोल सोडायचा
हे त्या म्हणीत नाही.
तळापासून दहा मिलिमीटर वर, मी लिहिलं.
म्हणजे हाताशी दहा लिटर.

कॉर्नफ्लेक्सची तीन खोकी कापून
टाकी केली पुठ्ठ्याची.
वळणावर डिझेल डचमळू नये
म्हणून मध्ये भोकं पाडलेली पडदी.
चार दिवस ती जेवणाच्या टेबलावर होती,
विद्याधर तिच्या बाजूने ताट सरकवून जेवायचा.

विद्याधरला हे सगळं मान्य नाही.
सत्तावीस वर्षं झाली या देशात,
अजून मोजे घालून झोपतो.
घरात बॉयलर आहे, त्याचे हप्ते आत्ताच फिटले,
कुडकुडायला स्कॉटलंडपर्यंत कशाला जायचं, म्हणतो.
हीटर त्याच्या पावलांसाठीच आहे
हे मी त्याला सांगितलेलं नाही.

रिडल्सडनला, कालव्याकाठी, होलरॉयडची शेड.
ॲल्युमिनियमचं काम करतो, चहात चार चमचे साखर.
त्याने माझी पुठ्ठ्याची टाकी उचलली, उलटी केली,
कानाशी नेऊन हलवली,
मग विचारलं, "लव्ह, ही श्वास कुठून घेणार?"
हवा आत आली नाही तर तेल बाहेर येणार नाही.
पंप नुसता टकटक करत बसेल.
साधी गोष्ट. मी विसरले होते.
परत येताना लाल दिव्यापाशी
मोठ्याने म्हणाले, श्वास, सहा मिलिमीटर.

त्याला सांगायचं राहिलं
की आमच्या भाषेत पाथरवटाच्या छिन्नीलाही टाकीच म्हणतात,
तिचे घाव सोसल्याशिवाय दगडाला देवपण येत नाही.
हिला देवपण नको.
गळली नाही म्हणजे झालं.

रात्री श्वासाचं भोक काढायला बसले
तर पुठ्ठ्याच्या बाजूला पेन्सिलीने,
बँकेतल्या त्या बारीक, सरळ अक्षरात :
तासाला ०.२ लि. दहा लिटर, पन्नास तास.
रात्रीचे दहा तास. पाच रात्री.
त्याखाली रेघ. रेघेखाली
सहाव्या रात्रीचं काय?

मी काही बोलले नाही. स्वयंपाकघरात
तो भांडी विसळत होता, गरजेपेक्षा जास्त वेळ.

सकाळी पुन्हा चटई, बॅटरी, पेन्सिल.
पुढच्या ब्रॅकेटपर्यंत किती जागा उरते पाहायचं होतं,
रिमझिम चालू, पट्टीचं टोक परत सुटलं.
ते लगेच कोणीतरी धरलं.
खालून मला एवढंच दिसत होतं :
मोज्यांवर चढवलेल्या चपला,
आणि वाकून आलेला एक हात.
"किती?" त्याने विचारलं.
"सहाशे बसतात," मी म्हटलं. "घट्ट धर."