अर्धा घंटा

किल्ली फिरवली तर टक् म्हणाली.
पुन्हा फिरवली. टक्.
मग तेवढंही नाही.

दोन महिने पत्र्याखाली उभी होती,
वर कापडी खोळ, खोळीवर मांजराची पिल्लं,
आणि मानवतचा मे महिना.

फंडाच्या पैशातली गाडी.
बाजार समितीत एकतीस वर्षं
दुसऱ्यांच्या कापसाचं वजन लिहिलं,
त्यातून हे सातशे किलो आपलं.
चालवली किती? हिंगोलीचं एक लग्न,
एकदा औंढा, तेही कौसल्या शेजारून "हळू, हळू" म्हणत,
आणि दर दसऱ्याला, चाकाखालचं लिंबू चिरडण्यापुरती
वीतभर पुढं, वीतभर मागं.

कय्यूम आला. बोनेट उचललं, हसला.
टर्मिनलवर पांढरी-हिरवी बुरशी,
मीठ कमी पडलेल्या लोणच्यावर येते तशी.
किटलीभर गरम पाणी मागितलं.
कौसल्याला वाटलं चहाला, तिनं पत्ती टाकली.
तो चहा आम्ही प्यालो,
बॅटरीसाठी दुसरं आधण.

"उभ्या गाडीला खाल्लं कुणी रे?"
त्यानं काचेआडच्या घड्याळाकडं बोट केलं.
"ह्यानं. तुम्ही झोपलात तरी हे चालूच.
थेंब थेंब पितं, काका."
दोन महिने कुणीच न विचारलेली वेळ
ते इमानानं दाखवत बसलं होतं
अंधारात, खोळीच्या आत.

त्याची ओम्नी नाकाला नाक लावून उभी राहिली.
लाल लालला.
काळं तिकडं काळ्याला,
इकडं मात्र इंजिनच्या उघड्या लोखंडाला,
"बॅटरीपाशी ठिणगी नको."
घुर्र.
पिल्लं चारी वाटांनी पळाली.

"आता बंद करायची नाही. अर्धा घंटा.
हिंडवा."
"कुठं?"
"कुठंबी."

बासष्टाव्या वर्षी पहिल्यांदा
कुणी मला असं काही सांगत होतं.

घड्याळात बारा वाजून शून्य मिनिटं,
बाहेर सकाळचे साडेसात.
पाथरी रस्ता. जिनिंगची कुलपं,
कुंपणाच्या तारेला अडकलेला गेल्या साली उडालेला कापूस,
रसवंतीवाला चरकाला घुंगरू बांधायलेला.
तिसऱ्या गियरमध्ये मला घाम फुटला
आणि चौथ्यात वाळला.

मी ठरवलं नव्हतं. गाडी दासरावच्या फाटकापाशी गेली.

एकोणीस वर्षं आमचं एक टेबल, एक रजिस्टर.
मग पोराच्या लग्नाची पत्रिका त्यानं पोस्टानं पाठवली.
पोस्टानं. पंधरा किलोमीटरवर.
मी गेलो नाही. तोही आला नाही.
सहा वर्षं.

हॉर्न दिला. बनियनवर बाहेर आला, बोटाला मंजन.
"बंद कर की."
"बंद करता येत नाही."
"मग तशीच ठेव, आत ये."
"उतरलो आणि बंद पडली तर?"
"मग आलास कशाला?"

त्याचं उत्तर माझ्याकडं नव्हतं.
"बॅटरी," मी म्हणालो.

नळावर चूळ भरली त्यानं, सावकाश, दोनदा.
चपला न घालता येऊन शेजारी बसला.
पाय पुसायला खाली पायपुसणं शोधलं,
कौसल्यानं अजून प्लास्टिक काढलेलं नाही, तर त्यावरच.
"चल."

साखर कारखान्याच्या फाट्यापर्यंत कुणीच बोललं नाही.
इंजिन बोलत होतं, ते बरं होतं.
मग तो वाकला, घड्याळाजवळचं बटण दाबून धरलं,
मनगटाकडं बघून
बारा अडतीसचे आठ पाच केले.
माझे आकडे तो असाच दुरुस्त करायचा,
न विचारता, न रागावता,
आणि खाली स्वतःची छोटी सही.

अर्धा घंटा केव्हाच उलटला होता.
पत्रिकेचं निघालं नाही.

"पेट्रोल आहे का?" त्यानं विचारलं.
काटा तळाला टेकलेला.
"भरपूर," मी म्हटलं.