चाळिसांतला एक

नॉर्थ डकोटात बाहेर उणे तीस असलं
तरी चर्चच्या तळघरात घाम फुटायचा.
तीन शेगड्या, कॉफीचा मोठा हंडा,
आणि त्यात एक अंडं, टरफलासकट चुरडून,
म्हणजे गाळ खाली बसतो, कॉफी निवळते.
हे मला ऑर्डिसने शिकवलं.
ऑर्डिसला तिच्या सासूने, सासूला जहाजावर कुणीतरी.

वर पास्टर ओस्त्रेम सांगत,
कृपा फुकट आहे.
कामं करून ती मिळत नाही,
न केल्याने आटत नाही.
आम्हाला फळ्यांमधून ऐकू यायचं, अर्धंमुर्धं.
'फुकट' मात्र स्पष्ट.
ग्युनिल्ड म्हणायची, फुकट ना, मग बश्या कोण घासणार?
आणि आम्ही हसायचो, तोंडाला ॲप्रन लावून.

माझ्याकडे पेले होते.
प्रभुभोजनाचे, काचेचे, अंगठ्याएवढे,
एका तबकात चाळीस.
तळाशी एक थेंब उरतो द्राक्षारसाचा,
तो मोरीत ओतायचा नाही, मातीला द्यायचा.
हिवाळ्यात माती कुठली?
मागच्या दाराशी बर्फावर गुलाबी ठिपके पडत,
पुढचा बर्फ येईपर्यंत दिसत.
सेल्मरला पुरलं त्या रविवारीही मी पेले धुतले.
आज राहू दे गं, म्हणाल्या.
म्हटलं, हातांना काय सांगू?

एक गोष्ट कुणाला सांगितली नाही.
मी हिशोब ठेवत होते.
एकेचाळीस वर्षं.
गोधड्या तीनशे बारा,
अनोळखी देशांतल्या अनोळखी थंडीसाठी.
मयताची जेवणं मोजायची नसतात. मोजली.
फुकट, फुकट, हे मला तोंडपाठ होतं,
चौदाव्या वर्षी सगळ्या मंडळीसमोर
न अडखळता म्हणून दाखवलं होतं,
तरी आत एक वही उघडीच.

गेल्या ऑक्टोबरात चर्च बंद झालं.
अकरा जण उरलो होतो.
गाताना प्रत्येकाचा आवाज वेगळा ऐकू यायचा,
तेच सोसवत नव्हतं.
घंटा कुणा शेतकऱ्याने नेली,
बाकं एका हॉटेलवाल्याने.
मी एक पेला कोटाच्या खिशात टाकला.
ब्याऐंशीव्या वर्षी पहिली चोरी.

आता इथे. खिडकीतून साखर कारखान्याची वाफ दिसते,
वारा फिरला की बीटाचा उग्र वास.
केब्बे मला न्हाऊ घालते.
लायबेरियाची पोर, तीही आमच्याच पंथातली.
तिकडे त्यांच्या चर्चला पत्र्याचं छप्पर,
पाऊस आला की प्रवचन थांबवावंच लागतं, म्हणाली.
मला हेवा वाटला.
पाठ मीच चोळीन, असं मी पहिल्या दिवशी बजावलं.
हात पोचला नाही.
तुला मोजे विणून देते, म्हटलं.
तीन जोड दिलेत मिसेस त्वेट, ती म्हणाली,
माझे पाय दोनच आहेत.

देणं.
फेडायचं राहिलेलं, तेही देणं,
आणि न मागता कुणी तळहातावर ठेवलेलं, तेही देणंच.
शब्द एकच.
मी आयुष्यभर पहिला अर्थ वाचत आले.

सकाळी ती त्या पेल्यातून गोळ्या देते,
एक पांढरी, एक पिवळट, अर्धी कसलीशी.
मी हात पुढे करते, डाव्यावर उजवा,
वेदीच्या कठड्याशी करायचे तसा.
रिकामा हात एवढा जड असतो,
हे ऑर्डिसने शिकवलं नव्हतं.

आज म्हटलं, पेला मी विसळीन.
केब्बेने घड्याळ पाहिलं.
अजून सहा खोल्या होत्या तिच्या.
तिने नळ सोडला,
पाणी कोमट झालंय का ते बोटाने पाहिलं,
आणि विसळू दिला.