प्रेक्षणीय स्थळे, तारवडे

पत्रा सहा बाय चार.
आधी रेड ऑक्साइडचा हात, मग निळा, मग दोन दिवस ऊन.
ग्रामसेवक म्हणाले, पाच ओळी बसव,
नाव, बाण, किलोमीटर.
टुरिस्टला गाडीतून उतरायला लागता कामा नये.

दोरीला खडू चोळला, ताणली, टिचकी मारली.
पाच पांढऱ्या रेघा उठल्या निळ्यावर.

पहिली सोपी. कातळशिल्पे, सडा, तीन कि.मी.
गुरं राखायचो तेव्हा त्या वाघाच्या पोटावर बसून
भाकरी खाल्ली आहे मी.
कुणी कोरला, कशानं, शेपूट दर्याकडंच का वळवलं,
एकदाही मनात आलं नाही.
पोट तापलेलं असायचं, चटणी तांबडी,
म्हशी पाण्याच्या वासानं खाली पांगलेल्या.
आता भोवती जांभ्याचा गडगा आहे
आणि पाटी : आकृतीवर बसू नये.
तीही मीच रंगवली.

दुसऱ्या ओळीत उन्हाळं.
वातानं धरलेले खलाशी तिथं गुडघे सोडून बसतात
गंधकाच्या वासात, कुणाशी न बोलता,
जसं काही जमीनच त्यांच्याशी बोलतेय.

तिसरीवर जरा भांडण झालं.
सरपंचबाईंना ‘सागरी गुंफा’ हवं होतं.
आम्ही घुमी म्हणतो.
लाट आत शिरते, थांबते,
तुम्हाला वाटतं, झालं,
आणि मग डोंगर खोकतो.
मी घुमी लिहिलं. रंग वाळल्यावर त्यांना कळलं.

चौथीला मी दीपकाडी घातली होती.
मातीचा चिमूटभर थर, त्यातून पांढरी फुलं,
सगळा काळा सडा पंधरा दिवस
कुणीतरी दूध सांडल्यासारखा.
‘आणि उरलेले साडेअकरा महिने काय दाखवायचं?’
कातळ, म्हटलं.
तिथं आता सनसेट पॉइंट आहे.
सूर्य काय, आमच्याकडं कुठंही बुडतो.

पाचव्या ओळीशी ब्रश धुत होतो,
तर रुकय्याचाची कालवं काढून आली,
कोयती कमरेला, पाय मांड्यांपर्यंत चिखलाचे.
‘जुव्याचं लिव,’ म्हणाली.

जुवा म्हणजे खाडीच्या तोंडाशी वाळू.
उधाणाच्या सुकतीला वर येते,
दोन तास गाव होते, पुन्हा बुडते.
पोटऱ्यांएवढ्या पाण्यातून चालत जायचं,
आणि अचानक दर्याच्या मध्यात कोरडे पाय.
बारके खेकडे वाळूच्या गोळ्या करून ठेवतात,
हजारो, कुणाच्या हिशेबाच्या कोण जाणे.
थंडीत अवसेच्या आसपास परतायला अंधार झाला
तर प्रत्येक पावलाला पाणी पेटतं,
निळं, घोट्याभोवती,
आणि मागं वळावं तर विझलेलं.

‘किती कि.मी.?’ ग्रामसेवक.
चाचीनं विचारलं, ‘चांद कितवा?’
बोटांची पेरं मोजली,
ओठ हलवले.
‘आज अर्धा. शुक्करवारी नाय.’
‘नाय म्हणजे?’
‘नाय म्हणजे नाय. जुवाच नाय.’

तेवढी जागा मी निळीच सोडली.
जुवा, मग बाण, मग रिकामं, मग कि.मी.

चाचीची नात मुनीरा शाळेत जाताना
तिथं खडूनं लिहिते.
आज नाही. आज नाही. आज नाही.
आज सहाला, चालत.
एकदा नुसतं : आज गणिताचा पेपर.

परवा एक गाडी थांबली. मी पलीकडं एसटीच्या शेडला चुना देत होतो.
गृहस्थ उतरले,
वरच्या चार ओळींचे फोटो काढले,
पाचवीला बोट लावलं, तर पुसली.
‘हे पक्कं नाही का हो?’
साडेपाच झाले होते.
सहाचा अर्धा आकडा त्यांच्या बोटावर.
चपला गाडीत ठेवा, म्हटलं,
आणि जरा घाई करा.