अडीचशे शब्द

पान अकराला सुटतं.
रामबागेतल्या हॉलमध्ये पावणेदहापर्यंत
सत्कारच चालले होते.
शाल, श्रीफळ, परत शाल.
माझ्या वहीत सगळी नावं, पदांसकट,
कारण राग चुकला तर कुणी फोन करत नाही,
प्रमुख पाहुण्यांची वेलांटी चुकली की करतात.

मग तंबोरे जुळले.
प्रमिलाताई टेंभे, वय पंचाहत्तर,
यांनी बिहाग उघडला
घरात कुणी झोपलेलं असताना
कडी काढावी तसा.
तीव्र मध्यम पंचमाच्या आडून डोकावला,
बसला नाही.
मी लिहिलं, तीव्र म.
पुढे जे सुचलं ते मराठीत,
आणि पेपर हिंदी.

पेपरातलं हिंदी मला पाठ आहे.
समाँ बाँधा. मंत्रमुग्ध किया.
तालियों की गड़गड़ाहट.
बातमीमागे साडेतीनशे रुपये,
मार्चचे जुलैत.

दहा वीसला उठले.
पलासियात एका कॅफेत बँड होता,
दुसऱ्या पेपरसाठी, फोटोसकट दोनशे.
चपला शोधताना द्रुत सुरू झाली.
पायऱ्यांवर एक तान मागून आली,
ओळखीच्या माणसानं खांद्यावर हात ठेवावा तशी.
थांबले नाही.

रिक्षात अंगठ्यानं लिहीत गेले.
रीगलच्या सिग्नलला
दोनशे एकेचाळीस झाले. नऊ कमी.
शेवट तेवढा राहिला होता,
आणि शेवट मला माहीत होता.
सतरा वर्षांत कुठली मैफल
दुसऱ्या कशानं संपलीये?
(सतरा वर्षांत शेवटपर्यंत बसले तरी किती!)
कार्यक्रम का समापन उन्होंने एक भावपूर्ण भैरवी से किया.
मोजून नऊ.
हिरवा लागायच्या आत पाठवलं.

सकाळी पोह्यांच्या गाडीपाशी अशफाकचा फोन.
कालचा तबला त्याचाच.
आमच्याच गल्लीत वाढलेला,
मराठी माझ्याहून सरळ.
"ताई, छान लिहिलंय.
एक विचारायचं होतं.
ती भैरवी कशी झाली?"

जिरावनाची पुडी हातात तशीच.

"म्हणजे आम्ही तर बिहागावरच उठलो ना.
द्रुतच्या मध्येच त्यांनी तंबोऱ्याकडे पाहिलं,
म्हणाल्या, आज एवढंच,
आणि गवसणी मागितली.
लोकांना कळेचना.
टाळीसुद्धा चुकली, कुणीतरी एकट्यानंच वाजवली."

टोमणा असता तर बरं झालं असतं.
तो खरंच विचारत होता.

"ताईंनी दोनदा वाचून घेतला माझ्याकडून.
हसल्या.
म्हणाल्या, विचार तिला,
कुठल्या अंगानं गेले मी?
ठुमरीच्या की टप्प्याच्या?"

डेस्कवर दुबेजींना सांगितलं, दुरुस्ती छापा.
ते म्हणाले, भैरवीवर कोण भांडायला येणार?
आणि बरोबरच होतं त्यांचं.
कुणी आलं नाही.
उलट संयोजकांनी कात्रण
लॅमिनेट करून हॉलमध्ये लावलं.

जुलैत पैसे आले.
शब्दाला एक रुपया चाळीस पैसे,
म्हणजे नऊ शब्दांचे बारा साठ.
उगीचच काढला हिशेब.
त्याचं काय करायचं असतं ते कळलं नाही.

आता कधी कधी दिवा मालवून बसते
आणि ती भैरवी सुरुवातीपासून धरते.
त्यांचा आवाज येतो, वरच्या सुरात थोडा फाटलेला.
कोमल ऋषभापर्यंत जाते.
तिथून पुढे
मला कधीही जिना उतरावा लागतो.

आई आतून विचारते,
"इतक्या रात्री काय करून राहिलीस गं?"
ऐकून राहिलेय, म्हणते.
"काय?"

अशफाकला अजून उत्तर दिलेलं नाही.
टप्प्याच्या, असं वाटतं.
नक्की नाही.